खंड्याचे धनी

इ. स. १६८७ मध्ये बंगळूर हे सबंध शहर, कोट आणि पेठा यांसह, तीन लक्ष रुपयांस विकले गेले. शहाजीराजांना विजापूर दरबाराकडून जहागिरीत लाभलेले आणि पुढे तंजावरास गादी स्थापन केलेल्या एकोजीराजांकडे राहिलेले हे ठाणे इतक्या अंतरावरून सांभाळणे परवडेनासे झाले, तेव्हा म्हैसूरकर चिक्कदेवराजास ते विकावे असे एकोजीराजांचेच बोलणे चालले होते. परंतु व्यवहार पुरा होण्याच्या आतच औरंगजेबाचा सरदार कासीमखान याने शहर हस्तगत केले, आणि जी रक्कम तंजावरच्या खजिन्यात जावयाची ती मोगलांच्या खजिन्यात जमा होऊन शहर मात्र अखेरीस म्हैसूरकरांच्याच हाती गेले. विकणारा बदलला, घेणारा तोच राहिला, आणि पेठेतील विणकराच्या मागावर त्या दिवशी जे वस्त्र चढले होते तेच दुसऱ्या दिवशीही चढलेले असावे.

मराठी माणसाला या शहराशी असलेले आपले नाते सांगताना शहाजीराजांची जहागीर आठवते, तिची विक्री सहसा आठवत नाही. मला ती आठवली २३ जून २०२१ रोजी. कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या वसुली अधिकाऱ्याने त्या दिवशी याच शहरातील एका कंपनीचे सुमारे चार कोटी शेअर बाजारात विकले आणि ५,८२४ कोटी ५० लक्ष रुपये वसूल केले. त्यांपैकी बहुतेक शेअर नेदरलंडमधील हायनेकेन या मद्य-उत्पादक कंपनीने घेतले, आणि युनायटेड ब्रुअरीज लिमिटेड या बंगळूरच्या कंपनीतील तिचा हिस्सा शेकडा ४६.५ वरून शेकडा ६१.५ वर गेला. येथेही विकणारा मूळ धनी नव्हता. धन्याचे शेअर गहाण आणि जप्ती यांच्या फेऱ्यात सापडले होते, धनी स्वतः देशाबाहेर होता, आणि ज्या बिअरच्या नावाने ही कंपनी घरोघर ओळखली जाते त्या ‘किंगफिशर’च्या बाटल्या दुकानांच्या फडताळांवर आदल्या दिवशीसारख्याच उभ्या होत्या.

किंगफिशर म्हणजे आपला खंड्या. कोठे त्याला धीवर म्हणतात, कोठे किलकिल्या. नदीकाठच्या वाकलेल्या फांदीवर निश्चल बसून पाण्यातील मासळीवर दृष्टी लावणारा आणि निमिषार्धात निळी रेघ ओढून परत येणारा हा पक्षी ज्याने पाहिला नाही असा खेड्यात वाढलेला मराठी माणूस विरळा. त्याचे चित्र बिअरच्या बाटलीवर छापलेले असते. आणि गेल्या अर्धशतकात त्या चित्राने बाटलीवरून पाण्याच्या बाटलीवर, तेथून दिनदर्शिकेवर, तेथून विमानाच्या शेपटीवर आणि अखेरीस बँकांच्या गहाणखतांवर जो प्रवास केला, तो प्रवास हा या पुस्तकाचा विषय होय.

मी मद्य घेत नाही, आणि मद्याच्या गुणावगुणांचा निवाडा करण्यासाठी हे पुस्तक लिहिलेले नाही. आयुष्यातील बराच काळ कंपनी कायद्याच्या कागदपत्रांत गेल्यामुळे एक प्रश्न मात्र मनात घर करून बसला आहे: आपण ज्याला ‘जुने घराणे’, ‘शंभर वर्षांची कंपनी’, ‘आपल्या शहराचे नाव’ असे अभिमानाने म्हणतो, त्यात जुने असते ते नेमके काय? जमीन, इमारत, कायद्याने जन्मास घातलेली संस्था, कुटुंब, की केवळ तीन-चार अक्षरांचे एक नाव? किंगफिशरच्या इतिहासात ही पाचही एकमेकांपासून विलग झालेली दिसतात, आणि प्रत्येकाची गती वेगळी झाली आहे. म्हणून हा इतिहास मला अभ्यसनीय वाटला.

त्याचा प्रारंभ छावणीत होतो. श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांची फौज तेथील रोगट हवेला कंटाळून बंगळुरास आली, आणि १८०९ साली येथे कायमची छावणी वसली. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरचे हे पठार गोऱ्या शिपायास मानवले. शिपाई आला की त्याची बिअर आलीच. ती प्रारंभी विलायतेहून पिपांत भरून, आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांच्या प्रवासानंतर मद्रासच्या बंदरात उतरत असे. तेथून बैलगाडीने घाट चढून ती येथे पोहोचेपर्यंत तिची किंमत आणि चव या दोहोंत बराच फरक पडलेला असे. बिअर करणे हे काही गूढ शास्त्र नव्हे. जवाला मोड आणावयाचे, ते भट्टीत सुकवावयाचे, भरडून गरम पाण्यात भिजवून त्यातील गोडवा उतरवावयाचा, तो अर्क हॉप नावाच्या वेलीच्या कडसर फुलांसह उकळावयाचा, आणि निवल्यावर त्यात किण्व मिसळून आंबवावयाचे. यातील शेवटची पायरी मात्र उष्णतेची वैरी आहे. बर्फाची यंत्रे येण्यापूर्वी मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात हे आंबवण नासून जाई. म्हणून हिंदुस्थानातील पहिले बिअरचे कारखाने कसौली, मरी, निलगिरी अशा थंड डोंगरांत निघाले, आणि बंगळूरच्या शीतल हवेचा लाभ उद्योजकांना त्याच कारणाने दिसला.

दक्षिणेतील अशा पाच कारखान्यांची नावे कंपनीच्या इतिहासात येतात. कॅसल आणि निलगिरी हे दोन १८५७ सालचे, बंगलोर ब्रुइंग कंपनी १८८५ ची, ब्रिटिश ब्रुइंग कॉर्पोरेशन १९०३ ची, आणि बी. बी. बी. ब्रुअरी १९१३ ची. टॉमस लेशमन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने हे पाचही एकत्र आणून १५ मार्च १९१५ रोजी ‘युनायटेड ब्रुअरीज’ ही कंपनी नोंदविली. महायुद्ध सुरू होऊन जेमतेम सात महिने झाले होते. पलटणींची ये-जा वाढली होती आणि विलायतेहून येणारा माल बेभरवशाचा झाला होता. लेशमनच्या कंपनीची प्रचंड लाकडी पिपे बैलगाड्यांवर लादून मद्रास आणि बंगळूर या भागांत फिरत, आणि गिऱ्हाईक मुख्यत्वे एकच होते: गोरा शिपाई. ज्या कंपनीचे गिऱ्हाईक एका विशिष्ट सत्तेचे नोकर असते तिचे भवितव्य त्या सत्तेच्या भवितव्याशी बांधलेले असते, आणि १९४७ साली ही सत्ता गेली.

या संधिकालात जो पुरुष पुढे आला त्याच्याविषयी मराठी वाचकाला फारच थोडे ठाऊक आहे, ही मला खेदाची गोष्ट वाटते. विठ्ठल मल्ल्या हे नाव उच्चारले की चंद्रभागेच्या काठची मूर्ती डोळ्यांसमोर यावी. आणि खरोखरच हे घराणे दक्षिण कन्नड जिल्ह्यातील नेत्रावतीकाठच्या बंटवाळचे, कोंकणीभाषी गौड सारस्वत, म्हणजे भाषेने आणि आचाराने गोमंतकाचे व रत्नागिरीचे जवळचे आप्त. वडील फौजेतील वैद्यकीय अधिकारी असल्यामुळे विठ्ठलरावांचा जन्म १९२४ साली ढाक्यास झाला. वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, जेव्हा इतर तरुण नोकरीचे अर्ज लिहितात त्या वयात, त्यांनी युनायटेड ब्रुअरीजचे शेअर हळूहळू, गाजावाजा न करता गोळा केले. १९४७ साली ते कंपनीचे पहिले हिंदी संचालक झाले आणि पुढच्याच वर्षी अध्यक्षपदावर बसले. गोऱ्या भागधारकांना मायदेशी परतावयाचे होते, शेअर सोडून द्यावयाचे होते. त्यांचा भाव ओळखण्यास नजर लागत होती आणि ते धरून ठेवण्यास धैर्य लागत होते. ही नजर आणि हे धैर्य त्यांच्यापाशी होते.

धैर्य असे मी म्हणतो, कारण काळ मद्यव्यवसायास अत्यंत प्रतिकूल होता. राजगोपालाचारींनी १९३७ साली सेलम जिल्ह्यापासून सुरू केलेली दारूबंदी स्वातंत्र्यानंतर सबंध मद्रास इलाख्यात पसरली. मुंबई इलाख्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम आला. आणि संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांस बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. अशा स्थितीत एक तरुण बिअरच्या कारखान्यांवर आपले सर्वस्व लावतो, १९५१ साली मद्रासमधील मॅक्डॉवेल ही १८२६ पासूनची पेढी ताब्यात घेतो, १९५९ साली केरळात चेर्तला येथे मद्याचा कारखाना उभा करतो, आणि जेथे जेथे बंदीच्या भयाने कोणी आपला कारखाना विकावयास काढतो तेथे तेथे शांतपणे गिऱ्हाईक म्हणून हजर होतो, हे साहस सामान्य नव्हे. ते मितभाषी होते, प्रसिद्धीपासून दूर राहत, आणि हिशेबाच्या वह्यांत त्यांचा जीव रमे असे त्यांच्याविषयी सर्वत्र सांगितले जाते.

परंतु त्यांच्या पद्धतीमागे स्वभावाहून बलवत्तर असे एक कारण होते, आणि ते समजल्यावाचून या व्यवसायाचा इतिहास मुळीच उलगडत नाही. आपल्या संविधानाने मद्य हा विषय राज्यांच्या यादीत घातला आहे. अबकारी कर राज्याचा, परवाना राज्याचा, किमतीचा दरही बहुतेक ठिकाणी राज्यच मंजूर करते. कर्नाटकात तयार झालेली बिअर महाराष्ट्रात न्यावयाची तर तिच्यावर वेगळी आकारणी, वेगळे दाखले, वेगळा खर्च. बिअर म्हणजे बहुतांशी पाणीच; काचेच्या बाटल्यांत भरलेले पाणी शेकडो मैल वाहून नेणे मुळातच तोट्याचे, त्यात ही जकातीसारखी अडवणूक. म्हणून ज्याला सबंध देशात बिअर विकावयाची असेल त्याला प्रत्येक राज्यात स्वतःचा किंवा कराराने बांधलेला एक तरी कारखाना हवाच. विठ्ठल मल्ल्यांनी एकामागून एक कारखाने घेतले यात संग्रहाची हौस नव्हती. भारत नावाच्या एका देशात मद्याच्या व्यवहारापुरते अनेक देश नांदतात हे त्यांनी इतरांच्या आधी जाणले होते. हे सूत्र आजही बदललेले नाही. आपल्या महाराष्ट्रात तर मद्याचा परवाना आजही ज्या अधिनियमाखाली दिला जातो त्याचे नाव दारूबंदीचेच आहे. कर्नाटकात २००३ पासून घाऊक वितरण एका सरकारी महामंडळाच्या हाती आहे. तेलंगणातही महामंडळच खरेदीदार आहे, आणि थकलेली देणी व कित्येक वर्षे न वाढलेला दर यांमुळे २०२५ च्या जानेवारीत युनायटेड ब्रुअरीजने त्या राज्याचा पुरवठा काही दिवस थांबविला, तेव्हा एवढी बलाढ्य कंपनीही एका एकमेव गिऱ्हाइकासमोर कशी उभी असते हे सर्वांस दिसले. लेशमनच्या वेळी ते एकमेव गिऱ्हाईक पलटण होती, आज सरकारी महामंडळ आहे.

१९७८ साली ‘किंगफिशर प्रीमियम’ बाजारात आली. नाव कंपनीच्या जुन्या ठेव्यातले होते. नवी होती ती त्या नावाला दिलेली निगा. ते वर्षही ध्यानात ठेवण्यासारखे आहे: पंतप्रधानपदी मोरारजी देसाई होते आणि संपूर्ण देशात दारूबंदी व्हावी असा त्यांचा आग्रह होता. खंड्याने फांदीवर पुन्हा पाय रोवले ते अशा वाऱ्यात. पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९८३ रोजी, विठ्ठलरावांचे मुंबईत निधन झाले, आणि त्यांचे पुत्र विजय मल्ल्या वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षात अध्यक्ष झाले.

पिता-पुत्रांच्या स्वभावांतील अंतराविषयी इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालू इच्छीत नाही. पुत्राच्या उधळेपणाकडे बोट दाखवून सारी कथा संपविणे सोपे आहे. त्याने मूळ गोष्ट मात्र झाकली जाते. विजय मल्ल्यांनी बिअर विकण्याच्या कलेत खरोखर नवे काही आणले. जी वस्तू बायाबापड्यांपासून लपवून, कागदात गुंडाळून न्यावयाची होती, तिला त्यांनी तारुण्याचा, खेळाचा, प्रवासाचा रंग दिला; आणि १९८० नंतर बंगळुरात मद्यगृहांची जी नवी रीत रुजली तिच्याशी हा रंग चांगला जुळला. देशातील बिअरच्या खपात सुमारे अर्धा वाटा या एका कंपनीकडे आला तो केवळ दैवयोगाने नव्हे.

जाहिरातीचे दार मात्र बंद झाले. २००० साली दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन मद्याच्या जाहिराती निषिद्ध ठरल्या. वस्तूची जाहिरात करता येत नाही, तर नावाची करावी, हा मार्ग सर्वच मद्यनिर्मात्यांनी धरला. व्यापारचिन्हांच्या नोंदणीत वस्तूंचे वर्ग असतात, आणि बिअर व पिण्याचे शुद्ध पाणी हे दोन्ही ३२ व्या एकाच वर्गात पडतात; तेव्हा खंड्या प्रथम पाण्याच्या बाटलीवर उतरला. २००३ पासून अतुल कसबेकर या छायाचित्रकाराने टिपलेली किंगफिशरची दिनदर्शिका निघू लागली. आणि ९ मे २००५ रोजी खंड्याचे चित्र शेपटीवर घेतलेले पहिले विमान प्रवाशांसह उडाले. वाहतुकीचा वर्ग ३९ वा. कायद्याच्या दृष्टीने विमानावरचा खंड्या आणि बाटलीवरचा खंड्या हे दोन निराळे पक्षी होते. पुढे जे घडले त्यात हा भेद निर्णायक ठरला, म्हणून वाचकांनी तो लक्षात ठेवावा अशी माझी विनंती आहे.

आता मी त्या घटनेकडे येतो जिने मला हे पुस्तक लिहावयास लावले. लेशमनने १९१५ साली नोंदविलेली कंपनी आणि आज किंगफिशर बिअर करणारी कंपनी या एक नव्हेत. १९९९ साली एक नवी कंपनी नोंदविण्यात आली. पुढे २००२ च्या सुमारास बिअरचा सारा धंदा जुन्या कंपनीतून काढून तिच्यात घालण्यात आला, आणि ‘युनायटेड ब्रुअरीज लिमिटेड’ हे नाव तिला मिळाले. जुनी, मूळची, १९१५ ची कंपनी ‘युनायटेड ब्रुअरीज होल्डिंग्ज’ या नावाने केवळ शेअर व मिळकती धारण करणारी, म्हणजे आपल्याकडील इनामदारासारखी, स्वतः न कसता खंड खाणारी अशी होऊन राहिली. एकत्र कुटुंबात वाटणी होते तेव्हा वडील शाखेकडे देवघर राहते आणि धाकट्या शाखेकडे चालती पेढी जाते, तसे काहीसे हे झाले. फरक इतकाच की येथे कुळाचे नावही पेढीबरोबर गेले.

ही व्यवस्था करताना कोणाच्या मनात भविष्याची कल्पना असेल असे मला वाटत नाही. अशा फेररचना परकीय भागीदार आणावयाचा असला की केल्या जातात. परंतु या वाटणीनेच बिअर वाचली. कारण खंड्याच्या नावाने निघालेल्या विमान कंपनीने बँकांकडून कर्जे काढली तेव्हा तिच्यासाठी जामीन राहिली ती वडील शाखा, होल्डिंग्ज. विमानांचा धंदा का बुडाला याचे विवेचन पुढे एका प्रकरणात आहे. इंधनाचा चढा भाव, स्वस्त दराच्या एअर डेक्कनचे अवजड विलीनीकरण, आणि प्रारंभापासूनचा तोटा ही कारणे सर्वश्रुत आहेत. ऑक्टोबर २०१२ मध्ये परवाना निलंबित झाला. त्या आधीचे कित्येक महिने कर्मचाऱ्यांना वेतन मिळाले नव्हते. वैमानिक, तंत्रज्ञ, सामान चढविणारे, तिकिटाच्या खिडकीवर उभ्या राहणाऱ्या मुली: यांची थकबाकी कोणत्याही गहाणखतात नमूद नव्हती, आणि बँकांच्या हजारो कोटींच्या आकड्यांखाली ती दबून गेली. या इतिहासातील सर्वांत मोठा अन्याय कोणता असे मला कोणी विचारले तर मी याकडेच बोट दाखवीन.

स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील सतरा बँकांनी तारण म्हणून जे जे घेतले होते त्यात खंड्याचे नावही होते. विमानवाहतुकीपुरत्या त्या व्यापारचिन्हांचे मूल्य कधीकाळी चार हजार कोटींच्या वर आंकले गेले होते. एप्रिल २०१६ मध्ये ती लिलावास आली तेव्हा किमान बोली ३६६ कोटी ७० लक्ष ठेवण्यात आली. एकही बोली आली नाही. विलेपार्ल्याचे ‘किंगफिशर हाऊस’ त्याच वर्षी मार्च महिन्यात दीडशे कोटींच्या किमान बोलीने लिलावात निघाले आणि गिऱ्हाइकाविना परत गेले. पुनःपुन्हा लिलाव होत होत ते २०२१ साली ५२ कोटी २५ लक्षांस विकले गेले. गोव्यात कांदोळी येथील समुद्रकाठचा बंगला २०१७ साली ७३ कोटींस गेला. घरे अखेर विकली गेली, कारण दगडविटांना स्वतःची किंमत असते. नावाला ती नसते. नाव जोवर चालत्या धंद्याच्या अंगावर असते तोवर कोट्यवधींचे असते. धंदा थांबला की ते गहाणवटदाराच्या हातात रिकामे राहते. आणि त्याच एप्रिल महिन्यात बाटलीवरचा खंड्या, ३२ व्या वर्गातला, निर्वेधपणे विकला जात होता.

विजय मल्ल्यांनी २ मार्च २०१६ रोजी देश सोडला. १९ जानेवारी २०१७ रोजी बंगळूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाने ६,२०३ कोटी रुपये आणि त्यावर शेकडा साडेअकरा व्याज वसूल करण्याचा निवाडा दिला. आणि ७ फेब्रुवारी २०१७ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने होल्डिंग्ज कंपनीच्या विसर्जनाचा हुकूम केला. टॉमस लेशमनची कंपनी त्या दिवशी, एकशे दुसऱ्या वर्षी, कायद्याच्या दृष्टीने मरणपंथास लागली. वर्तमानपत्रांत बातमी आली ती मल्ल्यांच्या संदर्भात. मूळ कंपनीसाठी मृत्युलेख कोणी लिहिला नाही. त्याच वर्षी बिअरच्या कंपनीचे अध्यक्षपदही मल्ल्यांकडून गेले.

बिअरची कंपनी कोणाकडे गेली ही कथा स्कॉटलंडपाशी एकदा परत येते. लेशमन स्कॉटिश, आणि नव्या कंपनीत २००५ च्या सुमारास समान भागीदार म्हणून, शेकडा ३७.५ चा हिस्सा घेऊन, आली ती एडिंबराची स्कॉटिश अँड न्यूकॅसल. तीन वर्षांत, २००८ साली, त्या कंपनीलाच कार्ल्सबर्ग आणि हायनेकेन यांनी ७८० कोटी पौंडांस विकत घेऊन आपसांत वाटून घेतले, आणि वाटणीत बंगळूरचा हिस्सा हायनेकेनच्या ताटात पडला. मल्ल्यांनी ज्याच्याशी सोयरीक केली होती ते घरच दुसऱ्याने घेतले. प्रारंभी कुरबुरी झाल्या, २००९ च्या अखेरीस तह झाला, आणि पुढे बँकांच्या तगाद्यामुळे जसजसे मल्ल्यांकडील शेअर बाजारात येत गेले तसतसा १८६४ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये सुरू झालेल्या या घराण्याचा हिस्सा वाढत गेला. घाई नव्हती, गर्जना नव्हती. १९४७ च्या सुमारास एका सारस्वत तरुणाने ज्या रीतीने गोऱ्यांचे शेअर गोळा केले होते त्याच रीतीने हे झाले. व्हिस्कीचा भाग तत्पूर्वीच लंडनच्या डियाजिओकडे गेला होता. मॅक्डॉवेलचे नाव आणि एका व्हिस्कीवरून नाव घेतलेला बंगळूरचा क्रिकेट संघ, दोन्ही त्या मार्गाने गेले.

मराठी वाचक विचारील, या बंगळूरच्या आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या उलाढालींशी आमचा काय संबंध? संबंध निकटचा आहे. हायनेकेनने भारतात आपली बिअर प्रथम जेथे करविली ते तळोजा आपले. आणि औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, औद्योगिक वसाहतींत बिअर व मद्य यांचे जे कारखाने दाटले आहेत त्यांत या समूहाचेही कारखाने आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होते, आणि त्याच मराठवाड्यात बिअरचे कारखाने चालू होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य-कारखान्यांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. कारखान्यांच्या बाजूने असे सांगण्यात येई की धरणाच्या एकंदर पाण्यात आमचा वाटा अत्यल्प, आणि आमच्याकडून मिळणारा महसूल प्रचंड. दोन्ही विधाने खरी होती. तरीही रिकामी घागर घेऊन टँकरच्या वाटेकडे पाहणाऱ्या बाईला टक्केवारी सांगून भागत नाही, हे मी त्या उन्हाळ्यात पैठणच्या बाजूला फिरताना पाहिले आहे आणि ते दृश्य माझ्या मनातून गेलेले नाही. शेअरांच्या यादीत धन्यांची नावे असतात. ज्याच्या पाण्यातून ती बिअर होते त्या गोदावरीकाठाचे नाव कोणत्याच यादीत नसते. पुस्तकातील सर्वांत मोठे प्रकरण मी या विषयाला दिले आहे, आणि त्याचे समर्थन करण्याची मला गरज वाटत नाही.

स्पर्धा आयोगाच्या प्रकरणाचा उल्लेख येथे थोडक्यात करतो. २००९ ते २०१८ या काळात तीन मोठ्या बिअर कंपन्यांनी आपसांत संगनमत करून किमती ठरविल्या असा निष्कर्ष काढून आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये एकंदर सुमारे ८७३ कोटींचा दंड केला. त्यातील सुमारे ७५२ कोटी युनायटेड ब्रुअरीजवर बसले, कार्ल्सबर्गवर सुमारे १२१ कोटी, आणि ज्या तिसऱ्या कंपनीने स्वतः होऊन माहिती दिली तिला माफी मिळाली. ज्या राज्यांत हे संगनमत झाले त्यांत महाराष्ट्रही होता. राज्य किंमत मंजूर करते म्हणून कंपन्या एकत्र येऊन राज्यासमोर एक किंमत मांडतात, आणि ग्राहकाला वाटते की किंमत सरकारने ठरविली. परवान्याच्या पद्धतीने मक्तेदारी आटोक्यात राहते असे मानणाऱ्यांनी त्या आदेशाची पाने अवश्य चाळावीत.

पुस्तकाच्या रचनेविषयी दोन शब्द. मी कालानुक्रम पाळलेला नाही. प्रथम नोंदणीच्या आणि विभाजनाच्या कागदांची छाननी, मग कारखान्यांचा इतिहास, मग मल्ल्या कुटुंबाचा, असा क्रम लावला आहे. कारण कुटुंबापासून आरंभ केला की कुटुंबाच्या भाग्यचक्रातच सारे गुरफटते, असा अनुभव मला आधीच्या दोन आराखड्यांत आला. व्यक्तींच्या खासगी आयुष्याला स्पर्श केलेला नाही. जेथे न्यायालयांत अद्याप वाद चालू आहेत तेथे दिलेल्या निवाड्यापलीकडे गेलो नाही.

बंगळुरास कब्बन उद्यानाच्या बाजूने पूर्वीच्या ग्रँट रोडवर यावे; त्याला आता विठ्ठल मल्ल्या यांचे नाव आहे. जेथे कंपनीचा जुना कारखाना होता तेथे सुमारे तेरा एकरांत यू. बी. सिटीचे मनोरे उभे आहेत, शेजारी कुटुंबाच्या राहत्या घराच्या जागी चौतीस मजली इमारत उठली आहे, आणि संगमरवरी ओसरीवर जगातील महागड्या घड्याळांची व पादत्राणांची दुकाने आहेत. मोड आलेल्या जवाचा गोडसर वास तेथे कधी दरवळत असेल याची खूण आता कोठेही नाही. या पुस्तकासाठी मी तेथे अनेकदा गेलो, आणि दर वेळी तेथून पायीच कब्बन उद्यानाच्या कडेने उच्च न्यायालयाकडे गेलो. १९१५ सालच्या त्या मूळ कंपनीचा कारभार संचालकांकडून काढून न्यायालयाने शासकीय परिसमापकाकडे सोपविला, आणि तिचे दफ्तरही त्याच्याच ताब्यात गेले. पहिले प्रकरण त्या दफ्तरापासून सुरू होते.